उंबऱ्यावरचं शेवटचं बोट

शिंदखेड्याच्या टेसनावर गाडी थांबली तेव्हा उन्हं पार डोक्यावर आली होती. भागाबाईनं आधी नवी घागर सूनबाईच्या हातात दिली, मग खरबुजाची पिशवी दिली, आणि मग दांडीला धरून स्वतः खाली उतरली. तिच्या गावात, निमखेड्यात, कुंभार नव्हता असं नाही. पण तिथल्या कुंभाराची घागर पाझरते असं भागाबाईनं एकदा ठरवलं, आणि तिनं ठरवलेली गोष्ट ब्रह्मदेवाला फिरवता येत नसे. त्यामुळे दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगावजवळच्या मेहरूणच्या कुंभाराकडची घागर आगगाडीत बसून जळगावहून निमखेड्याला यायची. आख्खा डबा सासू-सुनेकडे बघून हसायचा, आणि भागाबाई मांडीवरची घागर दोन्ही हातांनी धरून खिडकीबाहेर बघत राहायची.

घागर एकच असायची. ती नवऱ्याच्या, उखर्डूच्या नावाची. जर्मनची लढाई संपली त्या साली तापाची साथ आली आणि तो तीन दिवसांत गेला. अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवायच्या, म्हणजे वैशाखाच्या उन्हात त्याला तिकडं पाणी मिळतं. खानदेशात ज्याची घागर भरली गेली नाही असा मेलेला माणूस बिचारा समजतात.

टेसनापासून निमखेडं दीड कोस. दोघी नाल्याच्या कडेनं चालत निघाल्या. पुढं सून कमलबाई, डोक्यावर घागर आणि काखेत बोचकं. पंचविशीची, काळीसावळी, हाडानं भक्कम, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. मागून भागाबाई पांढऱ्या कपाळानं. कमलच्या त्या कुंकवाचा धनी म्हणजे भागाबाईचा एकुलता एक मुलगा अभिमन. लढाईच्या वेळी मजुरांच्या पलटणीत नाव देऊन तो समुद्रापार बसऱ्याला गेला, त्याला दहा उन्हाळे झाले. जिवंत असल्याचा निरोप आला नाही, आणि मेल्याचंही सरकारनं कळवलं नाही.

गावाच्या कडेला, निंबाच्या झाडापाशी भागाबाईचं घर होतं. दोन खणांचं, मातीच्या भिंतींचं, वर मातीचं सपाट धाबं. उखर्डू गेल्यावर ती सुनेला घेऊन मेहरूणला भावाकडं राहायला गेली. पेरूच्या बागांत निंदणी-खुरपणी करून दोघी पोट भरत. घर तिनं भटू शिंप्याला भाड्यानं दिलं होतं. करार तोंडी होता आणि तो अखाजी ते अखाजी चालायचा. सारवणं भाडेकऱ्यानं करायचं, आणि पावसाच्या आधी धाब्यावर नवी पांढरी माती मालकानं टाकायची.

घर भागाबाईचं खरं, पण अंगणात येऊन तिला परक्यासारखं उभं राहावं लागे.

"घरमा कोनी शे का?"

"या अक्का, या," म्हणत भटूची बायको भिकुबाई बाहेर आली. तिनं ओट्यावर घोंगडी टाकली आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. आत, जिथं अभिमनचा पाळणा टांगलेला असे तिथं भटूचं शिवणयंत्र खडखडत होतं. भागाबाईनं आत एक नजर टाकली आणि आपल्याच घराच्या ओट्यावर पाहुणी होऊन बसली. दरसाल हे असंच व्हायचं आणि दरसाल तिला ते नव्यानं लागायचं.

भटू यंत्र थांबवून बाहेर आला. चाळिशीचा, पाठीत वाकलेला, बोलताना नेहमी हातातल्या कापडाकडं बघणारा माणूस. कापडाला कातरी लावावी तसं त्याचं बोलणंही जपून असायचं. पण आज तो सरळ मुद्द्यावर आला.

"अक्का, मना बाप हिवाळामा गया, तुम्हले कळनं व्हई."

"कळनं रे. भिकनआबा चांगला मानूस व्हता."

"यंदा त्यानी पहिली घागर शे. आते ती कोठे मांडू मी? त्यानं नाव कोना उंबरावर लेऊ?"

ही गोष्ट दुसऱ्या मुलखातल्या माणसाला क्षुल्लक वाटेल, पण तिथं ती तशी नाही. अखाजीला सकाळी उंबरा धुऊन त्याच्यावर कुंकवाची बोटं उमटवायची आणि एकेका बोटाला एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. सगळी नावं झाली की एक बोट जास्तीचं टाकायचं. ते भुल्या-बिसऱ्यांचं, म्हणजे ज्यांचं नाव घेणारं कोणी उरलं नाही अशांचं. भागाबाईच्या घरची रीत अशी, की नावांची बोटं घरातल्या मोठ्या माणसानं टाकायची आणि शेवटचं बिननावाचं बोट धाकट्या सुनेनं. उंबरा ज्याच्या मालकीचा त्याचेच पितर त्याच्यावर यायचे. भाडेकऱ्यानं आपली घागर मागच्या दारी मांडायची, आणि तिथं उंबराच नव्हता, नुसता दगड होता.

"मी आठ साल मांगला दारे मांडी," भटू म्हणाला. "आज्या-पंज्यासनं चाली गयं. पन बापनं नाव दगडवर लेऊ का मी? अक्का, घर माले ईकी टाका. गाव सांगी तो भाव दिसू. नईतं मी हाई अखाजी व्हयनी का दोंडाईचाले चालनू. तठे मना साला माले जागा दी ऱ्हायना."

"घर ईकाले काढेल नई मी," भागाबाई म्हणाली.

"मंग धाबं एकदाव दखी ल्या. उधई लागेल शे. मी पोरं घीसन त्याना खाले निजस."

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत दोघी सासू-सुना नाल्यावर गेल्या. कमल कुदळीनं पांढरी माती खणायची आणि भागाबाई टोपल्यात भरायची. खेपा घालून घालून कमलच्या मानेची शीर ताठली होती. लुगड्याचा काचा मारून ती शिडीनं वर चढायची, माती पसरून रिकामं टोपलं खाली टाकायची, आणि ते झेलायला भागाबाई खाली उभी राहायची. पांढऱ्या धुळीनं दोघींचे केस, भुवया एक झाल्या. निंबाच्या झाडाला झोके बांधले होते. माहेराला आलेल्या पोरी त्यावर बसून गाणी म्हणत होत्या. कमलच्या वयाच्या बायका लेकरांना घेऊन माहेरी आल्या होत्या. कमल टोपलं घेऊन त्यांच्या जवळून जायची तेव्हा गाणं जरा हळू व्हायचं.

भागाबाईचा दीर रुपचंद तेवढ्यात येऊन सावलीत उकिडवा बसला. शेती सगळी तोच कसायचा. वाईट माणूस नव्हता, फक्त खरं बोलायची त्याला खोड होती.

"वहिनी, कोनासाठे टाकी ऱ्हायन्या हाई माती?"

"घरसाठे."

"घरमा तं भटू ऱ्हास. आनि तो बी चालना. रिकामं घर दोन पावसाळामा आडं व्हस."

"मना आंडोर उना तं कोठे जाई, रुपचंदभाऊ?" भागाबाई टोपलं भरता भरता म्हणाली. "त्याले मेहरूण ठाऊक नई. त्याले हाईच दार ठाऊक शे. तो ई अन् दार वाजाडी, अन् मजारथून दुसराच कोनी निंघी तं?"

अभिमनबरोबर गेलेला पुना परत आला तेव्हा त्यानं पारावर बसून जे सांगितलं ते दोघांनाही पाठ होतं. तिकडं बसऱ्याला आपल्यापेक्षा दुप्पट ऊन. झाड नाही, सावली नाही. पाण्याची पखाल आली की माणसं एकमेकांच्या अंगावर जात. अभिमनला दुसऱ्या टोळीत टाकलं, टोळी पुढं गेली, मग पुनाला काही कळलं नाही. त्या दिवशी भागाबाईनं बाकीचं सगळं सोडून एकच विचारलं होतं, की त्याला पाणी मिळत होतं का. पुना खाली बघत राहिला होता.

"दहा साल व्हयनात, वहिनी," रुपचंद शेवटी म्हणाला. "त्या पोरले बी दखा. मेहरूणना जीवराम माळी कई पाईन मांगी ऱ्हायना तिले. तुमना भाऊनी माले सांगं."

"ती सवाशीन शे," भागाबाई कडाडली. "दादला जित्ता आसताना पाट लावतस का?"

इतक्यात वर काहीतरी कडाडलं. कमलचा एक पाय गुडघ्यापर्यंत धाब्यात गेला होता. खालून भिकुबाई ओरडली, पोरं रडत बाहेर पळाली. रुपचंद शिडीवर चढला आणि त्यानं कमलला बखोट्याला धरून ओढून काढलं. पोटरी सोलून निघाली होती. रुपचंदनं भगदाडात हात घातला. तुळईचा तुकडा त्याच्या हातात आला. तो त्यानं भागाबाईच्या पुढ्यात टाकला आणि तो जमिनीवर पडल्याबरोबर त्याचा भुगा झाला. वरून लाकूड, आत नुसती उधईची, वाळवीची, माती. दरसाल त्या दोघी त्या पोकळ लाकडावर नवी माती चढवत होत्या.

संध्याकाळी भागाबाईनं सुनेच्या पायाला हळद-तेल लावलं. कमल भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. भागाबाईचा हात खरबरीत पण हलका होता. ही पोर बाराव्या वर्षी या घरात आली, नवऱ्याबरोबर जेमतेम दोन वर्षं नांदली, आणि तेव्हापासून सासूबरोबर नांदते आहे, हे भागाबाईला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच ती त्या विषयाला हात लावत नसे.

"दुखस का?"

"नई."

"जीवरामनं तुले काही इचारं का कव्हय?"

कमलनं पाय थोडा आखडून घेतला. "त्याले बिनमायनी लहान पोर शे. पेरूना बागमा ती मना पदर धरीसन फिरस," ती म्हणाली. मग पाय पुन्हा लांब करत म्हणाली, "तुम्ही जसं सांगशात तसं, आत्याबाई."

भागाबाईला वाटलं होतं ती नाही म्हणेल. सुनेनं नाही म्हणावं आणि आपण सुटावं, एवढीच तिची आशा होती. तिनं हळदीची वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

अखाजीच्या सकाळी भागाबाई लवकर उठली. घागर मांडून उंबऱ्यावरची बोटं होईपर्यंत तोंडात पाणी घ्यायचं नाही हा तिचा नेम होता. तिनं उंबरा धुतला, पुसला. नाल्याचं गाळलेलं पाणी घागरीत ओतलं, घागरीच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. मागच्या दारी भटू त्याची घागर घेऊन दगडापाशी उभा होता. अजून मांडली नव्हती. भागाबाईचं झाल्याशिवाय मांडायची नाही, एवढा मान तो ठेवून होता.

भागाबाई उंबऱ्याशी बसली. ओल्या कुंकवात बोट बुडवून तिनं सासऱ्याचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, आजेसासऱ्याचं, जन्मून वारलेल्या दोन दिरांचं घेतलं. मग उखर्डूचं. नवऱ्याचं नाव वर्षातून एकदा, इथंच, तिच्या तोंडून निघायचं. मग ती सरकली आणि तिनं कुंकवाची वाटी कमलकडं दिली.

कमल लंगडत पुढं आली, वाकली. बोट बुडवलं, उंबऱ्यावर टेकवलं. बोट टेकवून ती तशीच राहिली, आणि तिचे ओठ हलले.

भुल्या-बिसऱ्यांच्या बोटाला नाव नसतं. मग ओठ कशाला हलतील?

"काय म्हननी तू?"

"काही नई."

"व्हट हालनात तुना. कोनं नाव लिधं?"

कमलनं वाटी खाली ठेवली. तिनं सासूकडं पाहिलं नाही, उंबऱ्याकडंच पाहत राहिली. "चार साल व्हयनात, आत्याबाई. हाई बोट मी त्यासना नावनं टाकस."

भागाबाईचा हात उठला. कमलच्या मनगटावर तो असा बसला की बांगड्या वाजल्या आणि वाटी कलंडून कुंकवाचं पाणी जमिनीवर वाहिलं. "रांड! जित्ता मानूसनं नाव पितरंसमा लेस? मना आंडोरले मारी टाकं तू? चार साल मनापाईन चोरीसन?"

भिकुबाई दारात आली आणि तिथंच थबकली. कमल रडली नाही. तिनं मार खाल्लेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"मी नई मारं त्यासले," ती म्हणाली. "पुनाभाऊनी सांगेल नई का, तठे पानीसाठे मानसं एकमेकना आंगवर जातस? जित्ता व्हतीन तं कोठे तरी पीत व्हतीन. आनि नई व्हतीन तं? तं मंग त्यासले कोन पाजी? माय घागर भरस नई. बाईको भरस नई. एवढा ऊनमा सगळासना घरनं पानी ई, अन् ह्या एकलाच उभा ऱ्हातीन का? म्हनीसन मी त्या बोटमा त्यासनं नाव लिधं. भुलेलसना संगे तरी पी लेतीन, आसं वाटनं."

सकाळपासून पाणी न प्यायलेला भागाबाईचा घसा कोरडा पडला होता. एकाएकी तिला तो कोरडा घसा जाणवला आणि दुसरं काही जाणवेनासं झालं. तो जिवंत आहे, तो जिवंत आहे, असं म्हणत ती दहा उन्हाळे बसली होती. आणि नसेल तर? तर त्या दहा उन्हाळ्यांत त्याच्या आईनं त्याला पाण्याचा थेंब दिला नव्हता. दार त्याच्यासाठी राखलं, धाब्यावर माती त्याच्यासाठी चढवली, आणि पाणी मात्र दुसऱ्याच्या पोरीनं चोरून पाजलं. आईनं नाही.

ती उंबऱ्याला दोन्ही हात लावून पुढं झुकली आणि तिच्या छातीतून एक हुंदका असा निघाला की निंबाखाली झोक्यावर बसलेल्या पोरी गप्प झाल्या. कमलनं तिला मागून धरलं.

मग भागाबाईनं पदरानं तोंड पुसलं. जमिनीवर सांडलेल्या कुंकवात तिनं बोट बुडवलं. उखर्डूच्या बोटाला लागून तिनं एक नवं बोट उमटवलं. ते जरा फराटलं.

"अभिमन," ती म्हणाली. मग घागरीकडं वळली. "दुसरी घागर नई शे मनाकडे. एकच आनी. आज बाप-लेक एकमाच प्या. पहिले पोरले पेऊ द्या हो, तो लांबथून उना."

कमलनं हात कपाळाकडं नेला. कुंकू आता पुसायचं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. बोटं कपाळाला लागली तोच भागाबाईनं तिचं मनगट धरलं. मघाशी मारलं होतं तेच.

"ऱ्हाऊ दे."

"आत्याबाई, लोके..."

"लोकेस्ले मी सांगसू. ऱ्हाऊ दे ते. मेहरूणले गयात का जीवरामले मीच बलाईसू. मी तुले कुंकू पुसीसन पाठाव नई." कमलनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि ती आत्ता रडायला लागली. दहा वर्षांचं ती रडत होती. भागाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मागच्या दारी भटू अजून तसाच उभा होता. घागर त्याच्या हातात होती आणि घागरीचं पाणी हिंदकळून त्याच्या धोतरावर सांडलं होतं. भागाबाईनं त्याला हाक मारली.

"भटू, घागर पुढे आन. आठे मांड, उंबराशी. बापले मांगला दारथून बलावू नको."

भटू पुढं आला. त्याला एकदम काही समजलं नाही.

"कचेरीमा कव्हय जानं ते रुपचंदभाऊले इचारी ठेव. मी अंगठा दिसू," भागाबाई म्हणाली. "तुळई बदल. लाकूड चांगलं दखीसन घे."

भटूनं मान डोलावली. त्याला घर हवं होतं आणि ते मिळालं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यानं बापाची घागर उखर्डूच्या घागरीशेजारी ठेवली. भिकुबाईनं ओलं कुंकू करून आणलं. भटूनं बापाचं नाव घेऊन उंबऱ्यावर बोट टेकवलं आणि तो तिथंच डोकं टेकवून राहिला. भागाबाईनं त्याला रडू दिलं.

तो उठला तेव्हा ती म्हणाली, "एक सांगनं व्हतं. पुढला सालपाईन हाऊ उंबरा तुना. आम्ही काय आते येत नई. बाकीनासनी घागर मी मेहरूणले भरसू, पन पोरले हाईच दार ठाऊक शे. तुनी बाईको शेवटलं बोट टाकी ना, भुलेल-बिसरेलसनं, तव्हय त्यामा मना पोरले बी धरी ल्या. वेगळं काही करू नका. त्या बोटमाच धरा."

भटू हातातल्या पंच्याकडं बघत उभा राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यानं वर मान करून तिच्याकडं सरळ पाहिलं.

"भुलेलसमा कसाले, अक्का?" तो म्हणाला. "नाव लिसू ना. मना बापना नंतर त्यानं नाव. ह्याच घरना शे तो."

भागाबाईनं मान डोलावली. ओट्यावर जाऊन बसली, आणि पाणी मागितलं. कमलनं तांब्या भरून आणला. भागाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग तोंडाला लावून सगळा प्यायली.